आत्याला करमत नाही

"मम्मी, आत्याला करमत नाही ना, म्हणून आम्ही खेळतोय तिच्यासोबत."

चिनू दुपारी फोनवर हे सांगत होती आणि मी आत लिंबाच्या सरबतात साखर ढवळत होते. पलीकडून वहिनी हसली असणार. साखर केव्हाच विरघळली होती, तरी माझा चमचा फिरतच होता.

आता रात्र झाली, भिंती अजून तापलेल्याच आहेत. ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. दिवसभर पोरांना कोण रमवतंय? मी. आणि करमत नाही कुणाला, तर मलाच!

सखाराम महाराजांची यात्रा संपली तेव्हापासून हे चाललंय. पारा ४४ वर. सकाळी दहाला दारं-खिडक्या लावायच्या त्या उन्हं उतरेपर्यंत. बोरी नदीच्या पात्रातल्या दुकानांतून घेतलेली खेळणी पालखीच्या दिवशीच मोडली. मोबाइल द्यायचा नाही, ही वहिनीची ताकीद. कूलरच्या टाकीत होड्या सोडून झाल्या. पाट उलटा करून सखाराम महाराजांचा रथही झाला. बाळ्या लाटणं घेऊन चाकाखाली मोगरी लावायला बसायचा आणि रथ पुढे सरकूच द्यायचा नाही.

मग मी अष्टाचंग काढला. फरशीवर खडूने पंचवीस घरं आखली, फुल्ल्या मारल्या, सोंगट्यांना शर्टाची बटणं. चार चिंचोके एका बाजूने घासून पांढरे करायचं काम बाळ्याला दिलं; चारही काळे पडले की आठ. मागच्या ओट्याच्या खरबरीत कडेवर त्याने अख्खी सकाळ घासाघीस केली. वाटलं, सुटले.

पण मला करमत नाही, हे चिनूला दिसलं कुठून? मी उसासा टाकला का? घड्याळाकडे सारखी बघते का? शेजारच्या काकू दारातून विचारतात, "काय करी राह्यनात पोरे?" आणि मी त्यांना अर्धा तास सोडत नाही, ते तिने पाहिलं असेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले, गाणी झाली, चार दिवसांनी परत गेल्या. मी काय, इथलीच. जाऊ दे ते.

आईची बंगई, तिचा झोपाळा, रिकामी हलते तेव्हा मी हाताने थांबवते. तेही पाहिलं असेल पोरीने. या वयाच्या लेकरांच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि मोठ्यांना वाटतं ती कार्टून बघतायत. तेवढ्यात रडू आलं, खरंच. दादाच्या घरी रात्री जेवताना यावर बोलणं झालं असेल का, "तिला एकटीला करमत नाही, पोरांना पाठवू या"? म्हणजे सोय त्यांची की माझी? मी म्हणत होते उपकार मी करतेय...

मग दुपारचा डाव आठवला.

तिसरा डाव संपला तेव्हा चिनू जांभई देत होती. बाळ्या फरशीवर आडवा. "अजून एक," असं कोण म्हणालं? मीच. त्यावर चिनू म्हणाली, "बरं, पण एकच हं आत्या. मग झोपायचं." थेट वहिनीचा सूर! त्या डावात माझी शेवटची सोंगटी फुल्लीच्या बाहेर उघडी पडली होती. चिनूला तीन पडले, ती मारायला बरोबर तीनच हवे होते. तिने दुसरी सोंगटी चालवली. मला वाटलं, पोरीला दिसलं नाही. आता वाटतंय, तिला चांगलं दिसलं होतं.

हसूच आलं एकटीला. म्हणजे आमच्याकडे नोकरी तिची आणि पाळणाघरात मी. पगार म्हणून सरबत. बरं, मी तक्रार कशाची करतेय? दुपार तर गेली. कालच्यापेक्षा लवकर गेली.

तरीपण सांगायचं होतं तर मला सांगायचं, वहिनीला कशाला?

काकूंकडे उद्या बिबडे आहेत, ज्वारीचे पापड. "पोरेस्ले लई ये सकायले," म्हणाल्यात. ऊन चढायच्या आत गच्चीवर न्यायला हवं दोघांना. बाळ्याला थोडं शिजलेलं पीठ वेगळं मागून घेईन, तो त्याची आगगाडी थापेल. मीही एखादा डबा जोडेन, चिनूने परवानगी दिली तर.

आणि चिंचोके नवे घासायला हवेत. आज कुणालाच एकदाही आठ पडले नाहीत, नशिबाला बोल लावत बसले होते सगळे. आत्ता डबीत ठेवताना बघितलं, तर चारातला एक बाळ्याने दोन्हीकडून पांढरा करून ठेवलाय.