दहा गिअरचा फुलर, सातवा शनिवार: उतरता गिअर बसला

कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ, मला ट्रक शिकवणाऱ्या पाजींच्या यार्डात आज सातवा शनिवार. गाडी तीच, जुना पीटरबिल्ट ट्रक, दहा गिअरचा ईटन फुलर गिअरबॉक्स, मागे रिकामा ट्रेलर. माझ्याकडे शिकाऊ परवाना, शेजारी पाजी. परीक्षा मॅन्युअलवरच द्यायची आहे. ऑटोमॅटिकवर दिली तर परवान्यावर ‘ई’चा शेरा येतो आणि असले ट्रक चालवता येत नाहीत. मला तर हेच चालवायचे आहेत.

चढते गिअर आता जमतात. इंजिन १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) आलं की क्लच अर्धा दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, आरपीएमचा काटा ११००च्या आसपास येईपर्यंत थांबायचं, पुन्हा अर्धा क्लच आणि पुढचा गिअर. पहिले तीन शनिवार मला ते थांबणंच जमत नव्हतं. कारच्या सवयीनं हात पुढे धावायचा आणि गिअर कराकरा ओरडायचा. या बॉक्समध्ये सिंक्रोनायझर नाही, दातांचा वेग जुळवायचं काम आपलं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की इंजिन आतल्या दोन्ही काउंटरशाफ्टांना (गिअरची चाकं फिरवणाऱ्या आसांना) पुन्हा जोडलं जातं, इंजिन मंदावलं की तेही मंदावतात. दुसऱ्यांदा क्लच कशासाठी, ते तेव्हा डोक्यात शिरलं. लहानपणी खंबाटकीत एसटीच्या पुढच्या सीटवरून ड्रायव्हरकाकांचा पाय दोनदा हलताना पाहायचो. दोन गिअरांच्या मधे इंजिन एकदा गुरगुरायचं. त्या गुरगुरण्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी, इतक्या लांब कळला.

क्लच पूर्ण तळापर्यंत फक्त गाडी उभी असतानाच दाबायचा. तळाशी क्लच ब्रेक लागतो, म्हणजे बॉक्सच्या आतलं फिरणं थांबवणारा ब्रेक; चालत्या गाडीत तो लावला तर त्याची वाट लागते.

आता उतरते गिअर. इथे सगळं उलटं. गाडी मंदावून काटा ११००वर आला की न्यूट्रल, क्लच सोडलेला असतानाच ॲक्सिलरेटर देऊन इंजिन १५००ला न्यायचं आणि लगेच गिअर. मी रेस कमी देत होतो. दिली तरी काट्याकडे बघण्यात क्षण जायचा, तेवढ्यात आरपीएम घसरलेला. आज पाजींनी काट्यावर रुमाल टाकला. म्हणाले, “कान से चला, पुत्तर.” नववरून आठ, आठवरून सात, दोन्ही वेळा गिअरचा दांडा आपसूक आत गेला. कराकर नाही, धक्का नाही. मी मोठ्यानं ओरडलो!

कोणता गिअर हवा यासाठी पाजींची युक्ती वहीत लिहून ठेवली आहे: मैलांच्या वेगाचे दोन आकडे मिळवायचे. ४५ असेल तर चार अधिक पाच, नववा. ३५ला आठवा, २५ला सातवा. कॅलिफोर्नियात ट्रेलरवाल्यांची मर्यादा ५५, म्हणजे दहावा. प्रत्येक ट्रकला हे तंतोतंत लागू पडत नाही, पण आमच्या गाडीला चपखल बसतं.

अडलंय ते सहावरून पाचवर. दांडा खालच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात न्यायचा आणि रेंजचा खटका (खालचे पाच की वरचे पाच गिअर, ते ठरवणारा) सहाव्यात असतानाच खाली करून ठेवायचा. न्यूट्रल आलं की हवेच्या दाबानं रेंज बदलते, तिला क्षणभर वेळ द्यावा लागतो. माझा खटका न्यूट्रलमध्ये पोचल्यावर पडतो, म्हणजे उशिरा. आज अकरा वेळा केलं, तीनदा बसलं. पुढच्या शनिवारी बदामाच्या बागांमधल्या रिकाम्या रस्त्यावर फक्त सहा-पाच, पाच-सहा.