एएमटी गाडीचे गिअर पायाने सांभाळताना

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन), म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत क्लचचे पेडल नसले तरी क्लच असतोच, हे नीट उमगल्यावर मला ती सुखाने चालवता येऊ लागली. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेल्या या पद्धतीत गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीचाच असतो. क्लच सोडवण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम मात्र गाडीतल्या संगणकाच्या हुकमावर ॲक्चुएटर, म्हणजे हे भाग हलवणारे छोटे यंत्र, करतो. क्लच सुटलेला असतो तेवढा वेळ चाकांना इंजिनाचा जोर मिळत नाही, आणि म्हणूनच पूर्व द्रुतगती मार्गावर वेग घेताना दुसऱ्यावरून तिसरा पडला की मागे बसलेल्या आईंना हमखास गचका बसे.

गिअर कधी बदलायचा हे संगणक मुख्यतः गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे यांवरून ठरवतो. पाय जड असला की तो खालचा गिअर धरून ठेवतो, हलका झाला की वरचा टाकतो. म्हणून टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा दोन हजारांच्या आसपास पोहोचला की मी ॲक्सिलरेटर किंचित सैल करू लागले आणि गिअर पडल्याचे जाणवल्यावरच पुन्हा हळूहळू दाबू लागले. पाय पूर्ण उचलला तर गाडी मंदावते, अजिबात उचलला नाही तर गचका बसतो. यांतला नेमका बिंदू पायाला सापडायला बराच सराव लागला.

पेडर रोडच्या चढावर ही युक्ती पुरत नाही. तिथे सावकाश सरकणाऱ्या रांगेत गिअर दुसऱ्या-तिसऱ्यात घुटमळतो, तेव्हा मी मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे गिअर स्वतः निवडून, दुसरा धरून ठेवते. उतारावरही तोच गिअर इंजिनाच्या ओढीने वेग आवरतो आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. चढावर थांबताना गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणे मात्र कटाक्षाने टाळते, कारण अर्धवट जुळलेला क्लच घासून तापतो आणि त्याचा खर्च पेट्रोलच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

इंधनाचे म्हणाल तर एका टाकीपासून दुसऱ्या टाकीपर्यंतचा हिशेब ठेवल्यावर फरक दिसला तो मोकळ्या रस्त्यावरच. कोस्टल रोडवर गाडी लवकर वरच्या गिअरमध्ये जाते आणि पाय स्थिर ठेवला की तिथेच राहते. सायनच्या खोळंब्यात मात्र कितीही जपले तरी लिटरमागचे अंतर फारसे वाढत नाही; तिथे पुढच्या गाडीपासून थोडी जागा सोडून, ब्रेक सैल करून गाडीला आपोआप सरकू दिल्याने गचके तेवढे कमी होतात.