बुंदीचा मुतखडा

बुधवार

बुंदी लघवी करताना ओरडते. शेव आणि बुंदी या आमच्या दोन गिनिपिग, दोघींचा आवाज घरात दिवसभर चालूच असतो. फ्रिजचं दार उघडलं की जाळीला तोंड लावून शिट्ट्या मारतात, त्याला आम्ही सरावलोय. हा आवाज तसा नाही. बारीक, लांबलेला, आणि त्या वेळी ती पाठ वर काढून एका जागी खिळते. आज अंथरलेल्या टॉवेलवर गुलाबी डागही दिसला.

गुलाबी दिसलं म्हणजे रक्तच, असं नसतं. गिनिपिगची लघवी मुळातच गढूळ, वाळली की पांढरी पूड उरते. ती कॅल्शियमची, आणि थोडीफार असायचीच. बीट खाल्लं तरी रंग बदलतो. पण आमच्याकडे या आठवड्यात बीट आलेलंच नाही. शिवाय ओरडण्याचं काय?

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. गेल्या रविवारी ९१० ग्रॅम होती, आज ८६५. माणसाच्या हिशेबात एवढंसं वाटतं, पण साठ किलोच्या बाईचं आठवड्यात तीन किलो वजन उतरलं तर आपण झोपू का? हा प्राणी दुखणं लपवतो. रानात त्याला खाणारेच जास्त, त्यामुळे आजारी दिसणं परवडत नाही. काटा मात्र खोटं बोलत नाही. सासूबाईंनी विचारलं, "बुंदी किती भरली?" आणि बाहेर बसलेल्या पाहुण्यांना वाटलं आम्ही लाडवांचं बोलतोय.

गुरुवार

आमच्या साताऱ्यातले डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री बघतात. बुंदीला त्यांनी दोन्ही हातांत धरलं, पोट चाचपलं, आणि म्हणाले, "ताई, खरं सांगू? हा प्राणी मी कॉलेजात शिकताना बघितला, दवाखान्यात कोणी आणला नव्हता. तुम्ही पुण्याला घेऊन जा." मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. अंदाजाने सुई टोचून पैसे घेणं सोपं होतं.

लघवीच्या पट्टीवर रक्त दिसलं, म्हणजे शंका फिटली. जाताना त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली: घरातलं कुठलंही अँटिबायोटिक द्यायचं नाही. अमॉक्सिसिलिन तर नाहीच. ते पोटात गेलं की गिनिपिगच्या आतड्यातले चारा पचवणारे जंतू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जंतू वाढतात, त्यांचं विष अंगात भिनतं आणि प्राणी काही दिवसांत जातो. आमच्या फ्रिजमध्ये सईच्या तापाच्या वेळची त्याच औषधाची अर्धी बाटली आहे. सईचं वजन तीस किलो आणि हिचं एक किलोही नाही, एवढाच फरक असता तर डोस कमी करून भागलं असतं. इथे औषधच वेगळं लागतं.

शुक्रवार

बातमी आळीत पसरली. शेजारच्या काकू कुंडीतली पानफुटीची पानं घेऊन आल्या. "आमच्या ह्यांचा मुतखडा यानेच पडला. हिला एक पान चावायला दे, पाला तर खातेच ना ती." सासूबाईंचा भरवसा कुळथाच्या कढणावर. माणसाच्या मुतखड्याचं काय ते माणसांनी ठरवावं, पण पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, ती खाऊन गुरं दगावतात. काकूंना हे सांगणं अवघड होतं. पानं घेतली, चहा दिला, पानं बुंदीपासून लांब ओट्यावर ठेवली. शेवने तेवढ्यात त्यांच्याकडे बघून शिट्टी मारलीच.

काकू जाता जाता म्हणाल्या, "पण तुम्ही खायला काय घालत होता गं हिला?" दिवसभरात हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच नव्हेत.

शनिवार, पुणे

पहाटे निघालो. मार्चातच उन्हं तापलीत, आणि तिशीच्या वर पारा गेला की गिनिपिगला सोसत नाही. खंबाटकी ओलांडली तेव्हा उजाडत होतं. शेवलाही बरोबर घेतलं होतं, एकटीला ठेवलं तर बुंदी खातच नाही.

इथल्या डॉक्टर पक्षी, ससे, कासवं बघतात. त्यांनी आधी एक्स-रे काढला. काळ्या पडद्यावर मणका, फासळ्या, आणि खाली मूत्राशयाच्या जागी एक स्वच्छ पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्याहून मोठा. शोधावा लागलाच नाही. यांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, म्हणून एक्स-रेत असे उठून दिसतात. तरी त्यांनी सोनोग्राफी केलीच. मादीमध्ये रक्त गर्भाशयातूनही येऊ शकतं, अंडाशयात गाठी असतात, एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं नाही. तसं काही निघालं नाही.

मग त्यांनी नीट समजावलं. आपलं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम घेतं, उरलेलं सोडून देतं. गिनिपिगचं आतडं जेवढं मिळेल त्यातलं बरंचसं घेतं आणि जास्तीचं मूत्रपिंडातून बाहेर टाकतं. त्यात लघवी अल्कधर्मी, पीएच आठ-नऊच्या घरात, आणि अशा लघवीत कॅल्शियम कार्बोनेट विरघळून राहत नाही, त्याचा गाळ बसतो. कधी नुसता गाळ असतो, तो भूल देऊन सलाइनने धुऊन काढता येतो. कुत्र्या-मांजरांचे काही खडे औषधाने किंवा आहाराने विरघळतात, गिनिपिगचा खडा झाला की तसा विरघळत नाही. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, त्यामुळे बारीक खडा कधी आपोआप पडतो किंवा ओढून काढता येतो. नराच्या लांब, अरुंद मार्गात तो अडकला तर लघवी तुंबते आणि वेळच उरत नाही. बुंदीचा खडा वाटेने निघण्यापलीकडचा होता. मूत्राशय उघडून काढायचा, दुसरा मार्ग नाही.

मी न राहवून विचारलंच, "दोघी एकाच ताटात जेवतात. मग शेवला का नाही?" त्यांनी शेवचाही एक्स-रे काढला. मूत्राशय साफ. आहार, पाणी कमी पिणं, जंतुसंसर्ग, वजन, अंगचाच कल, यातलं नेमकं कशाने झालं हे एका प्राण्यापुरतं सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. काकूंना हे उत्तर पटणार नाही. लोकांना आजाराला कोणीतरी आरोपी लागतो, आणि जनावर बोलत नाही म्हटल्यावर तो मालकिणीतच सापडतो.

रात्री वन्संकडे मुक्काम. जेवताना खर्चाचा विषय निघाला. बुंदी आणली त्याच्या कितीतरी पट ऑपरेशनला लागणार. वन्संचे यजमान म्हणाले, "एवढ्यात नवीन जोडी येईल." त्यांच्या हिशेबात चूक काहीच नव्हती. ह्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "नवीन आणायची म्हणजे हिचं काय करायचं?" त्यावर कोणी बोललं नाही, आणि आमटी फिरली. मला पैशांपेक्षा भुलेची भीती वाटते. लहान प्राण्यांना भुलेत धोका जास्तच, आणि डॉक्टरांनी तो लपवला नाही.

सोमवार

झालं. आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलेचं औषध, मास्कने दिलं. यांच्या घशाचं द्वार इतकं अरुंद की नळी घालणं जिकिरीचं. आपल्यासारखं रात्रभर उपाशीही ठेवायचं नसतं. गिनिपिगला उलटी करताच येत नाही, म्हणून ती भीती नाही. उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात, आणि थांबलेली आतडी खड्यापेक्षा लवकर जीव घेतात. ऑपरेशन चालू असताना अंग गार पडू नये म्हणून खाली गरम गादी होती.

खडा एका लहान बाटलीत घालून आमच्या हातात दिला. खडबडीत, मळकट पांढरा. सईला तो शाळेत न्यायचाय, अजून परवानगी दिलेली नाही.

गुरुवार, सातारा

ऑपरेशन डॉक्टरांचं, पण त्यानंतरचं दुखणं घरच्यांचं. बुंदी आपणहून खात नाही. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, गवताच्या पुडीची पेज सुईविना सिरिंजने भरवायची. ओठांच्या बाजूने, दाढांकडे थोडी थोडी, आणि चावून गिळल्याशिवाय पुढची नाही. घाई केली तर फुफ्फुसात जाते. तिचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून नुसतं गिळून चालत नाही, चावणं हवंच. वेदनाशामक मेलॉक्सिकॅम थेंबांत मोजून, आणि गिनिपिगला चालणारं अँटिबायोटिक सकाळ-संध्याकाळ. क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात आपल्यासारखंच बनत नाही, आणि जखम भरायला तर ते हवंच, म्हणून तेही थेट तोंडात. पाण्याच्या बाटलीत घातलं तर तासाभरात निकामी व्हायला लागतं.

लेंड्या मोजायचं काम ह्यांनी घेतलंय. बँकेत आयुष्य नोटा मोजण्यात गेलं, त्याचा उपयोग झाला म्हणतात. काल लेंड्या बारीक आणि थोड्या होत्या, आज दुपारनंतर आकार सुधारला. लघवीत अजून किंचित लाली आहे, पण ती पहिले काही दिवस असते असं फोनवर कळलं. ओरडणं थांबलंय. मला खरी बातमी तीच वाटते.

सासूबाई रात्री अडीचला उठून भरवतात. मी पाळी लावली होती, ती त्यांनी मोडली. "मला तशीही झोप कुठे येते," म्हणे. कुळथाचा विषय पुन्हा निघालेला नाही.

रविवार

सकाळी बुंदीने स्वतःहून गवत ओढलं. वजन ८५०, दोन दिवस स्थिर.

आता जेवणाचं ठरवायचं. आमच्याकडे चाऱ्याच्या बाजारात लसूणघास मुबलक, हिरवागार, स्वस्त, आणि दुभत्या गाईला उत्तम. पण टिमोथी गवताच्या साधारण तिप्पट कॅल्शियम त्यात असतं. वाढत्या पिल्लांना किंवा गाभण मादीला तो चालतो, पोक्त बुंदीला नको. टिमोथी बाहेरून येतं आणि दर बघून डोळे पांढरे होतात. म्हणून ते थोडंच, बाकीचं वाळलेलं मारवेल गवत घेणार, वाडीतला एक शेतकरी औषध न मारलेलं देतो म्हणालाय. शेवग्याचा पाला पूर्ण बंद, पालक आणि मुळ्याचा पाला जवळजवळ बंद, कोथिंबीर काड्या-दोन काड्या. ढोबळी मिरची रोज, कारण क जीवनसत्त्व भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. काकडी पाण्यासाठी. भाजी धुऊन निथळायची नाही, ओलीच घालायची, तेवढंच पाणी जास्त पोटात जातं. बाटलीबरोबर वाटीतही पाणी ठेवलंय. शेव त्यात पाय बुडवते.

कॅल्शियम पार तोडायचंही नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. हाडं आणि दात आहेतच. शिवाय एवढं सगळं पाळूनही खडा पुन्हा होऊ शकतो, आणि बऱ्याच जणींना होतो. काकूंनी यादी वाचली आणि समाधानाने मान हलवली. त्यांच्या मते गुन्हा सिद्ध झाला. मी वाद घातला नाही. शेव तोच लसूणघास खाऊन ठणठणीत आहे, हे त्यांना जाळीतून दिसत होतंच.

पुढचा एक्स-रे जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, म्हणजे उन्हाचा प्रवास टळेल. दोघींचाही काढायचा. इथल्या डॉक्टरांना आत्ताच्या एक्स-रेची फिल्म बघायची आहे, उद्या संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आधी नेऊन देते.