माणूस नसलेल्या निवाऱ्यात मुक्काम: आल्प्समध्ये आधी पाण्याचं बघा

आल्प्समधले मोठे निवारे हंगाम संपला की बंद होतात. जर्मन भाषिक भागात मात्र बहुतेक ठिकाणी एक खोली मागे ठेवलेली असते, तिला ‘विंटररौम’ म्हणतात. आत गाद्या, ब्लँकेटं, लाकडाची चूल आणि भांडी असतात. इटलीच्या बाजूला त्याहून उंचावर पत्र्याचे ‘बिवाको’ असतात. त्यांत बंक, एखादं टेबल, बस्स. दोन्हीकडे सांभाळायला कुणी नसतं. थंडीची तयारी सगळेच करून जातात, पण रात्र बिघडते ती पाण्यामुळे आणि कोंदलेल्या हवेमुळे.

निघण्याआधी कुलपाची चौकशी करा. ऑस्ट्रियात काही विंटररौमना आल्पाइन क्लबची सामायिक किल्ली लागते. सभासदांना ती शाखेतून अनामत भरून मिळते. आणि मॅटरहॉर्नवरची सोल्वे (४००३ मीटर) किंवा माँ ब्लाँवरची व्हालो (४३६२ मीटर) या झोपड्या मुक्कामाच्या बेतात धरूच नका. त्या फक्त संकटात सापडलेल्यांसाठी आहेत.

पोहोचल्यावर उजेड असेपर्यंत बर्फ गोळा करा, कारण पाइप फुटू नयेत म्हणून नळ बंद केलेले असतात. बर्फ संडासापासून आणि वाटेपासून लांबचा, वरच्या अंगाचा घ्यायचा. ताजा भुसभुशीत बर्फ दहा लिटर घेतला तरी पाणी जेमतेम लिटरभर होतं, म्हणून जुना, दाणेदार, घट्ट बर्फ शोधा. भांड्यात आधी दोन बोटं पाणी घाला. कोरडा बर्फ थेट तापल्या तळावर पडला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. दोघांना रात्रीचं आणि सकाळचं मिळून सहा-सात लिटर लागतं. तेवढं सगळं गॅसवर करायचं तर २३० ग्रॅमचा डबा जवळजवळ संपतोच. त्यामुळे चूल असेल तिथे मोठं पातेलं तिच्यावरच चढवा. निव्वळ ब्युटेनचा डबा शून्य अंशाखाली काम करत नाही. प्रोपेन मिसळलेला हिवाळी डबा घ्या आणि रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा.

३००० मीटरवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळतं. तूरडाळ तिथे शिजत नाही, गॅस मात्र संपतो. भाजलेला रवा, पातळ पोहे, बेसन यांवर भागवा.

हवेकडे दुर्लक्ष करू नका. पत्र्याच्या छोट्या पेटीत स्टोव्ह पेटवला आणि झरोका बर्फाने बुजलेला असला, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते उंचीवर ढकलून झोपी जातो. खरा धोका तो. झरोका काठीने मोकळा करा, आणि स्टोव्ह चालू असेपर्यंत दार थोडं उघडं ठेवा, कितीही थंडी वाजली तरी.

चूल पेटवताना चिमणीची झडप आधी उघडा. चिमणीत गार हवा बसलेली असेल तर धूर उलटा खोलीत येतो. अशा वेळी पेटता कागद धुराड्याच्या तोंडाशी धरला की ओढ सुरू होते. मग बारीक ढलप्या, त्यानंतर जाड लाकूड. राख फक्त पत्र्याच्या बादलीत काढायची, निखारे राखेत तासन्‌तास जिवंत राहतात.

झोपायला स्वतःचं लायनर, म्हणजे चादरीची पातळ पिशवी, हवंच. चूल असेल तर वरचा बंक उबदार असतो. बुटांचे आतले मोजे-अस्तर अंगाजवळ घ्या, नाहीतर सकाळी लाकूड झालेले असतात.

नोंदवहीत नाव, तारीख आणि पुढची वाट लिहा. शोधपथक सर्वांत आधी तीच उघडतं. मुक्कामाचे पैसे पेटीत टाका किंवा नंतर बँकेतून भरा. पातेली कोरडी करून पालथी घाला, उरलेलं अन्न उंदरांसाठी मागे ठेवू नका, पुढच्यासाठी लाकूड फोडून ठेवा. शेवटी खिडक्यांच्या झडपा एकेक ओढून पाहा. एक जरी उघडी राहिली तरी वादळात खोलीत बर्फ शिरतो, ब्लँकेटं भिजून गोठतात, आणि पुढे येणाऱ्याला निवारा असून उपयोग होत नाही.