सोलापूरच्या गच्चीवरचा झेब्रा

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात कसली हौस करावी, तर झेब्रा हॉवर्थियाची. मूळ दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधलं हे झाड, उंची जेमतेम वीतभर. गडद हिरव्या टोकदार पानांवर पांढऱ्या पुटकुळ्यांचे आडवे पट्टे. सासूबाई याला कोरफडीची पोर म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. दोन्ही एकाच कुळातल्या.

नर्सरीत बहुतेक वेळा याच्यावर 'फॅसिएटा' या जातीची चिठ्ठी असते. पानाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तरच फॅसिएटा. खरखरीत लागलं तर अ‍ॅटेन्युएटा ही दुसरी जात, आणि हातात येते ती बहुधा हीच. बिघडत काही नाही, निगा सारखीच.

आपली काळी माती मात्र याला नको. पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. मी जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडं शेणखत घालते. कुंडी मातीची, उथळ, खाली भोक असलेली. जमिनीत लावायचं तर मुरूम-दगडांचा उंचवटा करून, कडुनिंबाच्या विरळ सावलीत. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की दुपारचं ऊन पानं तांबूस करतं. तेव्हा हिरवी जाळी लावा, पण पाण्याचा मारा करू नका. कडक उन्हाळ्यात त्याची वाढ मंदावते, पाणी कमीच लागतं. माती आतपर्यंत वाळल्यावरच पाणी, तेही मुळाशी.

बुडाशी पिल्लं फुटतात. मुळासकट सोडवून, जखम वाळली की लावायची. शेजारच्या काकूंनी दोन आधीच सांगून ठेवलीत.