डावीकडे फिर, डावीकडे!

बॉक्सिंग कोच म्हणून बारा-तेरा वर्षं पॅड धरतोय, आणि पोरांपैकी कोणाची बाउट, म्हणजे लढत, साउथपॉशी, म्हणजे डावखुऱ्यासारखं उलटं उभं राहणाऱ्याशी लागली की माझी कॅसेट ठरलेली. पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर टाक, आपल्या डावीकडे फिरत राहा, उजव्या हाताचा सरळ पंच घाल. झोपेतून उठवून विचारलंत तरी हेच सांगेन.

त्यात चूक काहीच नाही खरं तर. आपण ऑर्थोडॉक्स, म्हणजे नेहमीच्या पद्धतीचे, डावा पाय पुढे. तो साउथपॉ, उजवा पाय पुढे. त्यामुळे दोघांचे पुढचे पाय एकाच जागेवर भांडतात, बोटांवर बोटं पडतात, जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ पंचवर, जॅब आपटतो आणि डोकी तर आदळतातच. ज्याचा पाय बाहेर त्याच्या मागच्या हाताला समोरच्याची हनुवटी सरळ रेषेत मिळते. आणि डावीकडे फिरायचं ते यासाठी की साउथपॉचा मागचा हात म्हणजे डावा, सगळा दम त्यात, त्यापासून लांब गेलेलं बरं. शिवाय ते लोक रोज आपल्यासारख्यांशीच खेळत असतात, आपल्याला मात्र ते कधीतरी भेटतात. आमच्याकडे डावखुरा पोरगा एकच, बाउटच्या आधी तीन आठवडे सगळ्यांनी त्याच्याशीच स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, केलं, बिचाऱ्याची पार वाट लागली.

तर सेमीफायनल. तीन मिनिटांचे तीन राउंड. बेल वाजली आणि पहिल्या मिनिटात मी खूश, कारण पोरगा अगदी शिकवल्याप्रमाणे खेळत होता, पाय बाहेर, डावीकडे छोटी छोटी पावलं, गार्ड व्यवस्थित. फक्त मार खात होता. म्हणजे एकदम बदडला जातोय असं नाही, पण दर दहा-पंधरा सेकंदांनी तो डावीकडे सरकला की टप्पकन एक उजवा हुक, बाजूने वळून येणारा पंच, येऊन बसायचा, आणि मला वाटायचं हा वेळेवर सरकत नाहीये, म्हणून मी कॉर्नरमधून अजून जोरात ओरडायचो, डावीकडे फिर, डावीकडे!

राउंड गेला. पाचही जजेसनी तो समोरच्याला दिला असणार हे सांगायला जज व्हायची गरज नव्हती.

मधल्या एका मिनिटात काय काय करायचं असतं. स्टूल, माउथपीस काढा, पाणी, तोंड पुसा, आणि या सगळ्यात डोक्यात जाईल असं एखादंच वाक्य बोला. मी टॉवेलने तोंड पुसत होतो आणि हात थांबला. डावा गाल लालबुंद, डोळ्याखालचं हाड सुजायला लागलेलं. उजवा गाल कोरा. समोरच्याच्या मागच्या डाव्या हाताचा धसका घेऊन आम्ही तीन आठवडे घालवले, त्या हाताची एकही खूण पोराच्या तोंडावर नव्हती.

आणि मग सकाळ आठवली. वजनाच्या रांगेत तो समोरचा आमच्या पुढेच होता. कागदावर सही केली ती उजव्या हाताने. बाटलीचं झाकण उघडलं उजव्या हाताने. मी दोन फुटांवर उभा राहून बघितलेलं हे सगळं, बघितलं आणि सोडून दिलं.

तो समोरचा डावखुरा नव्हताच! उजव्या हाताचा माणूस, फक्त उलटा उभा राहणारा. असे असतात की. उलट बाजूने ऑस्कर डे ला होया घ्या, मिगेल कोटो घ्या, दोघे नामांकित बॉक्सर, मुळात डावखुरे पण खेळले ऑर्थोडॉक्स, म्हणून तर त्यांच्या पुढच्या हाताचा, डाव्या हुकचा एवढा दरारा. हे मी पोरांना गोष्टीसारखं सांगतो. आणि इथे ताकदीचा हात पुढे ठेवून उभा असलेला माणूस समोर आहे, आणि मी माझ्याच पोराला ओरडून ओरडून त्याच हाताच्या तोंडी देतोय.

वीस-पंचवीस सेकंद उरले होते. म्हटलं, डावीकडे जायचं नाही. डावा ग्लव्ह गालाला चिकटव. उजवीकडे सरक, त्याने हुक टाकला की मधून उजवा सरळ.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, पण तिकडे त्याचा डावा आहे ना?"

"त्याच्या डाव्यात दम नाही."

खरं सांगतो, तेव्हा मला शंभर टक्के खात्री नव्हती. गालावरून आणि एका सहीवरून बांधलेला अंदाज.

दुसऱ्या राउंडची पहिली तीस सेकंद सवयीने परत डावीकडेच गेला, एक खाल्ला, मग बहुतेक त्यालाही पटलं. एकदा उजवीकडे सरकायला लागल्यावर त्या हुकला लांबून वळसा घालून यावं लागायला लागलं, यायचा तोपर्यंत ग्लव्हवर आपटायचा, आणि तेवढ्यात मधला दरवाजा उघडा. उजवा सरळ गेला आणि त्याची मान मागे. साउथपॉसाठी हा पंच किती वाईट असतो ते बॉक्सर मार्केझने 8 डिसेंबर 2012 ला साउथपॉ पॅक्याओला सहाव्या राउंडमध्ये नॉकआउट करून दाखवलं होतं, राउंड संपायला जेमतेम एक सेकंद असताना, अर्थात आमचा पंच त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण चालला. मग त्याची कोपरं वर आली तसा पोराने स्वतःच्या डोक्याने डावा हुक खाली पोटात घातला. साउथपॉची उजवी कूस पुढे असते, म्हणजे लिव्हर आपल्या डाव्या हाताच्या अगदी जवळ. हे मी त्या दिवशी सांगितलंही नव्हतं. तो राउंड सरळ आमचा.

तिसऱ्यात त्यांचा कॉर्नर जागा झाला. त्यांचा पोरगा मध्येच पाय बदलून चक्क ऑर्थोडॉक्स उभा राहायला लागला, वीस सेकंद असा, वीस सेकंद तसा, आणि प्रत्येक वेळी आमच्या पोराचं एक पाऊल चुकायचं. शेवटच्या मिनिटात दोघेही दमून नुसते एकमेकांना धरत होते, रेफ्री सोडवत होता. 3-2 ने हरलो.

नंतर भिंतीला टेकून आमचा पोरगा गालाला बर्फ लावून बसला होता. चिडला वगैरे नव्हता, नुसतं म्हणाला, "सर, मी तर तुम्ही सांगितलं तिकडेच जात होतो." मी म्हटलं, हो रे.

आमच्याच एका मुलाने मोबाईलवर बाउट शूट केली होती, रात्री बसून बघितली. कॅमेरा माझ्या मागेच होता त्यामुळे पंचांपेक्षा माझाच आवाज जास्त. पहिल्या राउंडमध्ये "डावीकडे" अकरा वेळा.