180 आरयूचा हिशेब लागेना

त्या एका प्लाझ्मा (रक्तातला पेशीविरहित द्रव) नमुन्याचा आलेख 180 आरयूपर्यंत (रिस्पॉन्स युनिट, चिपला किती वजन चिकटलं ते सांगणारं एकक) चढला आणि नंतर बफर वाहू दिला तरी खाली उतरेना. बाकीचे नमुने 10-15 आरयूवर रेंगाळत होते. अल्झायमरशी निगडित अमायलॉइड-बीटा 42 हे प्रथिन रक्तातून थेट मोजता येतं का, हे आम्ही एसपीआर (सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स) यंत्रावर पाहत होतो; चिपच्या पृष्ठभागाला काही चिकटलं की ते यंत्र प्रकाशाच्या मदतीने टिपतं. चिपच्या काचेवर सुमारे 50 नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर, त्यावर डेक्स्ट्रान या साखरेच्या साखळ्यांचा थर, आणि त्याला ईडीसी-एनएचएस या जोडरसायनांनी जोडलेली, अमायलॉइड-बीटा 42 पकडणारी, उंदरापासून मिळवलेली अँटिबॉडी. प्लाझ्मा दहापट पातळ केलेला, प्रवाह मिनिटाला 10 मायक्रोलिटर, इंजेक्शन 10 मिनिटांचं.

आकडा पाहून हुरळून जाण्याआधी वजनाचा हिशेब मांडला. 1 आरयू म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण 1 पिकोग्रॅम प्रथिन. प्लाझ्मात अमायलॉइड-बीटा 42 असतं मिलिलिटरला काही दशक पिकोग्रॅम, 40 धरू. चिपवरून गेलेल्या 100 मायक्रोलिटरमध्ये मूळ प्लाझ्मा फक्त 10 मायक्रोलिटर, म्हणजे 0.4 पिकोग्रॅम. पृष्ठभाग जेमतेम चौरस मिलिमीटरभर. शेवटचा रेणूसुद्धा पकडला गेला असं मानलं तरी अर्ध्या आरयूच्या आसपासच पोचतो. शिवाय अल्झायमरमध्ये हे प्रथिन मेंदूत साचतं आणि प्लाझ्मात कमी होतं. म्हणजे आलेखाची दिशासुद्धा उलटी होती.

मग चिकटलं काय? पहिला संशय अल्ब्युमिनवर, कारण ते मिलिलिटरला 35 ते 50 मिलिग्रॅम असतं. चिपवरच्या डेक्स्ट्रानला असंच चिकटणारं काही असेल तर ते आधीच अडकावं म्हणून नमुन्यात मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम कार्बॉक्सिमिथिल डेक्स्ट्रान मिसळलं, मीठ वाढवलं. बाकीचे नमुने खाली आले, हा जवळपास तिथेच राहिला. रेफरन्स चॅनल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला चिपचा भाग, शांत होता, पण त्याचं कारण उघड होतं: तिथे इथॅनॉलअमाइनने बंद केलेलं नुसतं डेक्स्ट्रान होतं, अँटिबॉडी नव्हतीच.

म्हणून दुसऱ्या चॅनलवर उंदराचीच, त्याच उपवर्गाची, पण अमायलॉइडशी संबंध नसलेली अँटिबॉडी तितक्याच प्रमाणात बसवली. तोच नमुना तिथेही तसाच चढला. रुग्णाच्या रक्तात उंदराच्या अँटिबॉडीला धरणाऱ्या अँटिबॉडी होत्या. त्या सुमारे 150 किलोडाल्टनच्या, अमायलॉइड-बीटा 42 जेमतेम साडेचार; एवढ्या वजनाने आलेख उसळणारच. त्या अँटिबॉडी आधीच गुंतून पडाव्यात म्हणून नमुन्यात उंदराचं साधं आयजीजी (रक्तातली सर्वसाधारण अँटिबॉडी) मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम घालून अर्धा तास ठेवलं आणि संकेत कोसळला.

रेफरन्स चॅनलवर अशी जुळी अँटिबॉडी नसेल तर प्लाझ्मावरच्या एसपीआर आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

खरं मोजमाप हवं असेल तर आधी चुंबकी मण्यांनी अर्धा-एक मिलिलिटर प्लाझ्मातून प्रथिन गोळा करून धुवावं लागतं, मग चिपवर पकडून त्यावर सोन्याचे नॅनोकण लावलेली दुसरी अँटिबॉडी सोडायची. 40 नॅनोमीटरचा एक कण या प्रथिनाच्या एका रेणूपेक्षा 80 हजारांहून जास्त पटींनी जड, त्यामुळे नगण्य बंधनही दिसू लागतं. नळ्या मात्र पॉलिप्रॉपिलीनच्या, कमी चिकटणाऱ्याच घ्या. साध्या पॉलिस्टायरीनच्या भिंतीला हे प्रथिन चिकटून बसतं. आणि या सँडविचमध्ये, म्हणजे दोन अँटिबॉडींच्या मध्ये प्रथिन पकडण्याच्या रचनेत, दोन्ही अँटिबॉडी उंदराच्या असतील तर तसल्या रक्तातली अँटिबॉडी दोघींना जोडून प्रथिनाशिवायच संकेत देते. म्हणून तिथेही उंदराचं आयजीजी आधीच घालायचं, किंवा दुसरी अँटिबॉडी एफसी टोक (प्रथिन न पकडणारं शेपूट) कापून वापरायची.